डाव्या गालावरची माती

"थापी कशाला आणलीत? भिंत आहे का ही?"

मिस्त्रींनी हातातली थापी ओट्यावर ठेवली. सकाळीच त्यांनी ती घासून, साबणानं धुऊन, उकळत्या पाण्यातून काढली होती. कोनाकोपऱ्यांत गिलावा भरायची लहानशी थापी. नाकाशेजारच्या खाचेत ती नेमकी बसेल, असा त्यांचा अंदाज होता.

"मग कशानं लावू?"

"बोटांनी. ती कशाला दिलीत देवानं?"

'बोटांनी'मधला ब तिला नीट जमला नाही. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हवा निसटली आणि शब्द 'वोटांनी' असा बाहेर पडला. मिस्त्रींना कळलं. एवढ्या दिवसांत ही नवी भाषा त्यांच्या अंगवळणी पडली होती.

स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर ती ताठ बसली होती. गळ्याभोवती टॉवेल, केस जुन्या फडक्यात घट्ट बांधलेले. पाठ मुद्दाम कपाटाकडे केलेली. कपाटाच्या आरशावर चादर टाकली होती, आणि न्हाणीघरातला आरसा तर तिनं स्वतःच्या हातानं उतरवून माळ्यावर ठेवून दिला होता.

तिला नावानं हाक मारणारं आता कुणी फारसं उरलं नव्हतं. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून तिनं उभं आयुष्य काढलं, म्हणून ती सगळ्यांची चौकशीबाई. भाजीवाला म्हणायचा, शेजारीपाजारी म्हणायचे, आणि तिचे यजमान, मिस्त्री, चिडले की तेही म्हणायचे, "झाली का चौकशी, बाई?" कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावरून, मधे कुठे थांबते, आज उशिरा आहे का, हे सगळं तिला पाठ. कागद न बघता सांगायची. आणि सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. "घाबरलेल्या माणसाला वेळ सांगून भागत नाही," असं तिचं म्हणणं. "त्याला गाडी मिळणार आहे, असं आपल्या तोंडावर दिसायला लागतं."

त्या तोंडाची ती निगाही तशीच राखायची. दिवसभर बसगाड्यांचा धूर आणि धूळ. रविवारी दुपारी ती वाडग्यात मुलतानी माती कालवायची, आरशासमोर बसून तोंडाला फासायची आणि घरभर पिवळट भूत होऊन फिरायची. लेक लहान असताना तिला बघून पळायची. मिस्त्री म्हणायचे, "अगं, गिलाव्याचं काम घरात असताना मला का बोलवत नाहीस?" ती म्हणायची, "भिंती तुमच्या, तोंड माझं."

मग एका सकाळी चहाचा पहिला घोट तिच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळला. तिनं पुसला. दुसराही ओघळला. डावा डोळा मिटेना. आरशात बघितलं तर अर्धा चेहरा जागच्या जागी आणि अर्धा खाली आलेला, जणू शिवलेल्या कापडाचा एका बाजूचा धागा कुणी ओढून काढला होता. रिक्षा मिळेपर्यंत मिस्त्री तिचा हात धरून रस्त्यात उभे होते, आणि तिचा दुसरा हात तोंडावर होता.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की मेंदूला काही झालेलं नाही. चेहऱ्याची एक नस सुजली आहे. "बहुतेकांचं परत येतं. पण कधी आणि किती, ते आजच सांगता येत नाही." गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले, आणि चेहऱ्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. भुवई उचला, गाल फुगवा, शीळ घाला. गाल फुगवला की डावीकडून हवा जायची. फलाट म्हणायला गेलं की 'हलाट' व्हायचं. जिनं हा शब्द दिवसाला शेकडो वेळा म्हटला होता, ती न्हाणीघराचं दार लावून एकटीच तो घोकत बसायची. मिस्त्री बाहेर उभे राहून ऐकायचे आणि दार उघडायच्या आत तिथून निघून जायचे.

लेक दुसऱ्या शहरात असायची. रोज फोन करायची.

"आई, व्हिडिओ कर ना. मला बघायचंय तुला."

"नेट नाही इथे."

"आई, बाबा आत्ता मोबाइलवर कुस्ती बघत होते म्हणाले."

"मग त्यांनीच संपवलं असेल."

अशातच एक दिवस तिचे साहेब घरी आले. भला माणूस. सफरचंदांची पिशवी घेऊन आले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. ती तोंडासमोर टॉवेल धरून बसली होती.

"बाई, तुम्ही काळजी करू नका. तुमची सोय मी बघितली आहे. मागे पार्सलच्या खोलीत जागा आहे. पंखा आहे, खुर्ची चांगली आहे. कुणाशी बोलायला नको, काही नको. लोकांसमोर बसायला आता तुम्हालाच अवघड जाईल."

ती टॉवेलाआडून म्हणाली, "विचार करते."

साहेब गेल्यावर तिनं सफरचंदं टोपलीत लावली. "पार्सलच्या खोलीत," ती म्हणाली. "पत्ता चुकलेल्या खोक्यांबरोबर."

मिस्त्री बोलण्यात कच्चेच. भिंत सरळ आहे का विचारा, डोळा मिटून सांगतील.

"अहो," ती थोड्या वेळानं म्हणाली, "डब्यात माती आहे का बघा."

"कसली माती?"

"तोंडाची. तोंड वाकडं झालं म्हणून काय कळकट ठेवायचं?"

आरशात बघायची तिची तयारी नव्हती. म्हणून हे काम मिस्त्रींकडे आलं. व्यायामवाल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "लावा की. फक्त डोळ्यापासून लांब ठेवा."

पहिल्या रविवारी पार फजिती झाली. मिस्त्रींनी मातीवर भसकन पाणी ओतलं आणि चमच्यानं गरागरा ढवळलं. गुठळ्याच गुठळ्या.

"ढवळता काय? मातीला आपलं आपण पाणी पिऊ द्यायचं."

"चुन्यासारखं?"

"चुन्यासारखं."

"मग तसं आधी सांगायचं ना."

तिथून पुढे त्यांना फार सांगावं लागलं नाही. माती त्यांनी चहाच्या गाळण्यानं चाळली. काचेच्या वाडग्यात पसरली, कडेकडेनं पाणी सोडलं आणि हात आवरून बसले. माती फुगली, तिचे बुडबुडे फुटले, मग हळूहळू घोटायला घेतली. थोडं दही, बोटाच्या टोकावर मावेल एवढा मध. "मध नसला तर तोंड आवळून मारतं," ती म्हणाली. मिस्त्रींनी मान हलवली. जुनी माणसं चुन्यात गूळ घालायची ते त्यांनी लहानपणी बघितलं होतं. लावण्याआधी त्यांनी ओल्या फडक्यानं तिचा चेहरा टिपून घेतला, कारण सुक्या भिंतीवर गिलावा धरत नाही. डाव्या डोळ्याभोवती त्यांनी चौकट सोडावी तशी जागा सोडली. मग कपाळापासून खाली पहिला हात दिला. पातळ, सारखा.

"तुमची बोटं आहेत की पॉलिशपेपर?" ती म्हणाली.

सिमेंटनं खाल्लेली बोटं ती. त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी मिस्त्री अंगणातल्या पायरीवर बसून तळहातांना तेल चोळायला लागले. इतकी वर्षं संसार केला, लेक वाढवली, पण हा चेहरा आपण इतका सावकाश कधी हाताळला नव्हता, हे त्यांच्या लक्षात येत होतं. डाव्या भुवईत एक बारीक व्रण होता. तो त्यांनी कधी बघितलाच नव्हता.

"हे कधी लागलं तुला?"

"शाळेत असताना. झोपाळ्यावरून पडले."

"मला नाही सांगितलंस."

"तुम्ही कधी चौकशी केलीत?"

कामावर एकदा त्यांच्या शर्टाच्या बाहीला पिवळी माती लागलेली कुणीतरी बघितली. "मिस्त्री, दुसरीकडे काम धरलंय का?"

"घरचं काम आहे."

"कुठली भिंत?"

"दर्शनी," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा ओळंबा लावायला वळले.

माती वाळत असताना बोलायचं नाही, हसायचं नाही, हे तिचंच सांगणं. आणि ते मोडायचीही तीच. मिस्त्री समोर बसले की तिला काहीतरी आठवायचंच. कुकरची रिंग आणायची आहे, खालच्या शिंप्यानं टाका उसवलेला दिलाय. मग उजव्या गालावरची माती आटलेल्या तळ्यासारखी तडकून जायची. ओठांशी, डोळ्याच्या कडेला, सगळीकडे तडे. आणि डावी बाजू मात्र गुळगुळीत. एक रेघ नाही. कोरी.

मिस्त्रींनी लावलेल्या भिंतीला तडा जात नाही, ही त्यांची ख्याती. उन्हातान्हात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या भिंतींवरून हात फिरवून ठेकेदार त्यांचं नाव सांगायचे. पण त्या डाव्या गालावरचा गुळगुळीत लेप बघवत नव्हता त्यांना. ते रविवारी तो धुऊन काढायचे तेव्हा डावीकडून सुरुवात करायचे, म्हणजे ते लवकर डोळ्यांआड व्हावं.

आणि मग एका रविवारी, ती वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळाबद्दल काहीतरी सांगत असताना, मिस्त्रींना ओठांच्या डाव्या कोपऱ्याशी केसाएवढी रेघ दिसली.

ते पुढे वाकले.

"काय बघताय?"

"काही नाही. बोल तू."

त्यांच्या मनात पहिली शंका आली ती स्वतःच्या कामाची. लेप जाड झाला असेल. मध कमी पडला असेल. खिडकीतून वारा आला असेल, आणि वाऱ्यानं एक बाजू लवकर सुकली की तडा जातोच. उगाच तिला आशा लावायची आणि मग आपणच ती मोडायची, यापेक्षा गप्प बसलेलं बरं. त्यांनी चेहरा धुऊन दिला. आठवडाभर भिंती लावताना त्यांच्या डोळ्यांपुढे तीच रेघ होती.

पुढच्या रविवारी त्यांनी माती दोनदा चाळली. पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली. लेप असा लावला की बांधकामावरच्या एखाद्या इंजिनिअरनं पट्टी लावून बघावा. मग खुर्ची ओढून बसले.

"आज फार गुपचूप कारभार आहे," ती म्हणाली.

"वाळू दे." थोडं थांबून मिस्त्री म्हणाले, "काल कामावर एक जण विचारत होता, दुपारची डोंगरावरची गाडी कुठून सुटते म्हणून. मी सांगितलं, पहिल्या फलाटावरून."

ती ताडकन ताठ झाली. "पहिल्या? पहिल्यावरून कशी सुटेल? तिथे दुपारी लांब पल्ल्याच्या लागतात! डोंगरावरची शेवटच्या फलाटावरून, पाण्याच्या टाकीशेजारून. बिचारा उन्हात उभा राहिला असेल तिथे! माहीत नसेल तर सांगावं कशाला माणसानं..."

उजवी बाजू तडतड फुटली. आणि डावीकडे, ओठांच्या कोपऱ्यापासून गालाकडे, एक रेघ सावकाश चढत गेली. मग तिला फाटा फुटला. मातीचा एक कण सुटून टॉवेलवर पडला.

मिस्त्री हसायला लागले. त्यांना आवरेना.

"हसताय काय? माणसाची गाडी चुकली असेल!"

"कुणी नव्हतं विचारत. खोटं बोललो मी."

"का?"

"तडा गेलाय," मिस्त्री म्हणाले. "डावीकडे. मागच्या खेपेलाही गेला होता. मला वाटलं माझा हात चुकला. आज नाही चुकला. आज सगळं नीट केलं होतं मी. तरी गेला."

ती उठली, कपाटाशी गेली, आणि चादर ओढून खाली टाकली.

आरशात पिवळ्या मातीचा चेहरा होता. ती जवळ गेली. ओठ हलवला. नुसतं बघून कळलं नसतं, इतका तो कमी हलला. पण माती फसवत नव्हती. रेघ थोडी रुंदावली. तिनं पुन्हा हलवला. पुन्हा.

"तुमचा गिलावा फुटला आणि तुम्हाला आनंद होतोय," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी आलं, ते मातीवरून ओहोळ करत हनुवटीपर्यंत गेलं. "लावा लेकीला फोन. व्हिडिओ लावा."

लेकीनं पडद्यावर आईला बघितलं आणि किंचाळली, "आई, काय हे! भूत दिसतेस!"

"लहानपणी पळायचीस. आता बघ. इकडे बघ, डाव्या बाजूला. दिसतंय?"

"काय दिसायचंय?"

"तुझ्या बाबांचं बिघडलेलं काम," ती म्हणाली.

नंतर सुधारणा होत गेली, पण सावकाश. डोळा मिटायला लागला. चहा ओघळेनासा झाला. डावा ओठ मात्र पूर्ण वर आला नाही. हसली की एक बाजू मागे राहायची. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, एवढं कदाचित राहील. ती म्हणाली, "राहू दे. सोबत होईल."

तिनं साहेबांना फोन लावला. मिस्त्री भाजी निवडत ऐकत होते.

"साहेब, सोमवारपासून येते. ... हो, खिडकीवर. ... नाही, पार्सलला नाही. ... पूर्ण बरं व्हायची वाट बघत बसले तर गाड्या थांबणार आहेत का? ... साहेब, लोक माझं तोंड बघायला येत नाहीत, गाडी विचारायला येतात. आणि बघितलं तरी बघू देत. माझं आहे ते."

फोन ठेवून तिनं मिस्त्रींच्या हातातली शेंग काढून घेतली. "कोवळी फेकताय आणि जून ठेवताय."

त्या रविवारी मिस्त्रींनी सवयीनं गाळणं आणि वाडगा काढला, तर ती म्हणाली, "द्या इकडे." न्हाणीघरातला आरसा पुन्हा भिंतीवर आला होता. तिनं माती भिजवली, घोटली आणि स्वतःच लावायला घेतली. मिस्त्री दारात उभे होते. तिचा हात भराभर चालत होता. थर कुठे जाड, कुठे पातळ पडत होता. आत जाऊन त्यांनी उगाचच खुर्ची पुसून जागेवर ठेवली.

"अहो," तिनं हाक मारली. "कानाशेजारी राहिलंय का बघा जरा."

राहिलं नव्हतं. तरी त्यांनी बोटभर माती घेऊन तिथे लावली.

सोमवारी ते तिला बसस्थानकावर सोडायला गेले. परत फिरायचं ते प्रतीक्षागृहातल्या बाकावर बसले. कामाचे कपडे अंगावर, डब्याची पिशवी मांडीवर. आज उशीर झाला तर झाला, ठेकेदाराला सांगता येईल.

चौकशीच्या दोन खिडक्या उघडल्या; एकीत मोबाइल हातात घेतलेला एक तरुण होता, दुसरीत ती. तिच्यासमोर पहिल्यांदा एक म्हातारी आली, मग दोन शिपाई, मग मूल कडेवर घेतलेली एक बाई. ती समोरच्याच्या तोंडाकडे बघत होती, सांगत होती, हातानं दिशा दाखवत होती. कडेवरच्या मुलानं काचेला बोट लावून विचारलं, "तुझं तोंड असं का?" आई कानकोंडी झाली. चौकशीबाई पुढे वाकून त्याला काहीतरी म्हणाली. काय ते मिस्त्रींना ऐकू आलं नाही. पण मूल खदखदून हसलं आणि त्यानंही आपलं तोंड एका बाजूला वाकडं करून दाखवलं. मग तिनं त्यांना फलाट सांगितला आणि पुढच्या माणसाकडे बघितलं.

बाकावर शेजारी गाठोडं घेऊन बसलेला माणूस म्हणाला, "या बाई आल्या वाटतं परत. बरं झालं. मधे ज्याला बसवला होता तो मोबाइलमध्ये बघून सांगायचा, तेसुद्धा चुकीचं."

"हो?" मिस्त्री म्हणाले.

"आजारी होत्या का?"

"होत्या. बऱ्याच बऱ्या झाल्यात."

"तोंडावर तेज आहे मात्र."

"निगा राखतात," मिस्त्री म्हणाले.

ध्वनिक्षेपक खरखरला. गाडी लागल्याचा पुकारा झाला. माणसं उठली, पिशव्या उचलल्या गेल्या, पोरांना हाका झाल्या. गाठोडंवालाही उठला. निघता निघता वळून म्हणाला, "तुमची नाही का ही? कुठली गाडी तुमची?"

"माझी कुठली नाही," मिस्त्री म्हणाले. "मी असाच बसलोय."

प्रतीक्षागृहातले बाक रिकामे झाले. चौकशीच्या दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीसमोर कुणी नव्हतं. दुसरीसमोरची रांग खांबाला वळसा घालून दारापर्यंत आली होती, आणि तिच्यातलं एकही माणूस पलीकडे जात नव्हतं.